केनियाचा ईटीए स्वतः भरायचा का? भरा, पण आधी बाबांच्या पासपोर्टची तारीख बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं: तुम्ही डोंबिवलीचे, १४ ऑगस्टला आई-बाबा (६४ आणि ६८), बायको आणि ३ वर्षांची मुलगी अशा पाच जणांचं मुंबई-नैरोबी तिकीट काढलंय, मसाई मारा बघून २२ ऑगस्टला परत. गुगलवर केनिया ईटीए (म्हणजे निघायच्या आधी ऑनलाइन घ्यायची प्रवासाची परवानगी) टाकल्यावर सगळ्यात वरची साइट माणशी ९५ डॉलर मागतेय, खालची एक तिसाच्या आसपास, ओळखीचा एजंट म्हणतोय मी करून देतो, आणि तुम्हाला कळत नाहीये की खरी साइट कुठली आणि स्वतः भरायचा की नाही. जाता जाता अजून दोन गोष्टी लिहिल्यात, की आईचं तिकिटावरचं नाव पासपोर्टपेक्षा जरा वेगळं पडलंय, आणि बाबांचा पासपोर्ट ९ जानेवारीला संपतोय "पण आपण तर ऑगस्टमध्येच परत येतोय ना".

साइटचं सांगते, पण आधी ते शेवटचं वाक्य. तुमचा खरा प्रश्न तिथे आहे. केनियाचा नियम असा आहे की तुम्ही तिथे पोचता त्या दिवसापासून पुढे किमान ६ महिने पासपोर्ट चालू पाहिजे आणि त्यात किमान एक पान कोरं पाहिजे. परतीची तारीख इथे मोजत नाहीत. १४ ऑगस्टपासून ६ महिने म्हणजे १४ फेब्रुवारी, आणि बाबांचा संपतोय ९ जानेवारीला. म्हणजे महिनाभर कमी पडतोय. तुम्ही आज रात्री बसून पाचही जणांचे ईटीए भरलेत तर चार जणांचे कामाला येतील, बाबांचे पैसे वाया जातील, कारण एक तर अर्ज अडकेल, नाहीतर त्याहून वाईट म्हणजे निघायच्या रात्री चेक-इनला अडकाल.

मी १९ वर्षं दादरला व्हिसाच्या कागदपत्रांचं काम करते. पूर्वी जवळपास सगळं कॉन्सुलेटला जायचं, म्हणजे पासपोर्ट, फोटो, बँक स्टेटमेंट, कव्हरिंग लेटर असा गठ्ठा घेऊन जायचं, आणि खिडकीपलीकडचा माणूस तो गठ्ठा उलटून बघायचा. कटकट होती, पण एक फायदा होता, तुमची चूक कोणीतरी दुसरा बघायचा. "मॅडम, इथे जन्मतारीख चुकलीय" असं ऐकून मी कितीतरी वेळा परत आलेय. ईटीएत ती खिडकीच नाही. तुम्ही जे टाइप कराल ते मशीन खरं धरून चालतं, तुमच्या पासपोर्टचा नंबर एका आकड्याने चुकला तरी बऱ्याचदा अप्रूव्हलचा मेल येतो आणि माणूस निर्धास्त होतो. म्हणून मी सगळ्यांना हेच सांगते की ईटीए अप्रूव्ह झाला म्हणजे तो बरोबर भरलाय असं समजू नका, ते तपासायचं काम आता तुमचं आहे.

हे मी स्वतः चूक करून शिकलेय. २०१६ मध्ये श्रीलंकेला जाणाऱ्या एका काकूंचा ईटीए मी भरला होता, पासपोर्ट नंबरातले शेवटचे दोन आकडे उलटे पडले, अप्रूव्हल आलं, मी प्रिंट काढून दिली, त्यांनीही बघितलं नाही. रात्री दीड वाजता एअरपोर्टवरून त्यांच्या मुलाचा फोन. काउंटरवर पासपोर्ट स्कॅन केला की त्या नंबरावर ईटीए दिसेना. मी घरून नवीन अर्ज भरला, फी परत भरली, आणि नशीब की अप्रूव्हल पाऊण तासात आलं आणि काउंटर बंद व्हायच्या आत बोर्डिंग पास मिळाला. त्या पाऊण तासात त्या काकू लायनीच्या बाजूला ट्रॉलीला धरून उभ्या होत्या, हे मला नंतर त्यांच्या मुलाने सांगितलं आणि ते चित्र अजून डोक्यातून जात नाही. केनियाच्या बाबतीत पाऊण तासाचा भरवसा धरूच नका, तिथे अधिकृतपणे ३ कामाचे दिवस धरायला सांगतात.

आता क्रम. माझ्या मते तुमच्या घरासाठी तो असा पाहिजे: पहिला बाबांचा नवीन पासपोर्ट, मग आईच्या तिकिटावरचं नाव, मग यलो फीवरची (पीतज्वराची, त्याचं पुढे सांगते) लस, आणि मग जुलैच्या मध्याला पाचही जणांचे ईटीए एकाच बैठकीत. अजून दहा आठवडे हातात आहेत, घाबरायचं काही नाही, पण पासपोर्टचं याच आठवड्यात हलवा.

पासपोर्ट संपायच्या आधी वर्षभरात कधीही री-इश्यूला टाकता येतो, त्यामुळे बाबांचा आत्ताच चालेल. पासपोर्ट सेवाच्या सरकारी पोर्टलवरूनच अर्ज करा (पासपोर्टच्याही नकली साइट आहेत, तीच गंमत तिथेही चालते, गव्ह डॉट इन ने शेवट होतो का ते बघा). ठाण्याचं केंद्र तुम्हाला जवळ, तिथे तारीख लांबची दिसली तर अंधेरी, मालाड, लोअर परळ बघा. ३६ पानी पासपोर्टची साधी फी १५०० रुपये, तत्काळ केलं तर वर २००० आणखी. तत्काळ करावं का हे परिस्थितीवर आहे. पत्ता तोच असेल, जुना पासपोर्ट हातात असेल, आधारवर नाव आणि जन्मतारीख पासपोर्टसारखीच असेल तर साध्यात पण वेळेत होऊन जातं असा माझा अनुभव. पण मधल्या काळात घर बदललं असेल, पोलीस व्हेरिफिकेशन नव्याने लागणार असेल, तर माझ्या घरचं असतं तर मी तत्काळचे पैसे भरले असते. नवीन पासपोर्ट आला की नंबर बदलणार, तेव्हा एअरलाइनच्या बुकिंगमध्ये जाऊन बाबांची पासपोर्टची माहिती बदलून टाका, त्यासाठी तिकीट नवीन काढावं लागत नाही. आणि जुन्या नंबरावर ईटीए काढून ठेवायचा मोह अजिबात नको. ईटीए हा माणसाच्या नावाला नाही, पासपोर्टच्या नंबराला चिकटलेला असतो.

आईच्या नावाचं. हे आपल्या मराठी घरांत फार होतं. आपल्याकडे नाव म्हणजे स्वतःचं, मग नवऱ्याचं किंवा वडिलांचं, मग आडनाव. पासपोर्टमध्ये कप्पे दोनच, सरनेम आणि गिव्हन नेम, त्यामुळे आईचं स्वतःचं नाव आणि बाबांचं नाव दोन्ही गिव्हन नेममध्ये जातात. तिकीट काढताना घरातला मुलगा घाईत आईचं नाव आणि आडनाव टाकतो, मधलं राहून जातं. मधलं नाव तिकिटावर नसणं हे बऱ्याच एअरलाइन चालवून घेतात, तरी एकदा फोन करून बुकिंगवर नोंद करून घ्या. आडनावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर ते सोडू नका. तुम्ही तुमचं आडनाव लिहिलं नाहीत ते बरं केलंत, मी उदाहरणाला सावंत घेते. पासपोर्टवर ते डब्ल्यूने आहे आणि तिकिटावर व्हीने, तर तिकीट दुरुस्त करून घ्यायचं, आणि आत्ताच, कारण जितके जवळ जाल तितकं ते खर्चिक होतं. आणि काहीही झालं तरी ईटीए तिकिटाप्रमाणे भरायचा नाही, पासपोर्टप्रमाणेच भरायचा, अगदी पासपोर्टवरचं स्पेलिंग तुम्हाला चुकीचं वाटत असलं तरी. आधारवर, पॅनवर, लग्नाच्या सर्टिफिकेटवर काय आहे ते केनियाच्या काउंटरवर कोणी बघणार नाही.

पासपोर्टवरचं नेमकं काय भरायचं हे कळायला एक सोपी जागा आहे, फोटोच्या पानावरच्या खालच्या दोन ओळी, ज्यात बाणासारखी चिन्हं असतात. एअरपोर्टचं मशीन त्याच ओळी वाचतं. वरच्या ओळीत सुरुवातीचे पी, बाण आणि आयएनडी सोडले की आडनाव, मग दोन बाण, मग गिव्हन नेम आणि दोन नावांच्या मध्ये एक बाण. तिथे जे आडनाव म्हणून आहे तेच फॉर्मवर सरनेममध्ये. खालची ओळ पासपोर्ट नंबराने सुरू होते, आणि इथे सांभाळा, आपला नंबर अक्षर आणि आकडे मिळून आठाचा असतो, त्यानंतर एक बाण आणि मग एक सुटा आकडा येतो. तो आकडा मशीनच्या पडताळणीचा आहे, नंबराचा भाग नाही. मी लोकांना तो पण जोडून टाकताना बघितलंय. दुसरं, नंबरातल्या आकड्यांत गोल दिसलं की ते शून्य, इंग्रजी ओ नाही. आणि पासपोर्टच्या शेवटच्या पानावर जो लांबलचक फाइल नंबर असतो तो यातला काही नाही, तो विसरा.

अजून एक, देशाची यादी उघडली की इंडियाच्या जागी घाईत ब्रिटिश इंडियन ओशन टेरिटरी निवडलेली मी दोनदा बघितलीय, यादीत इंडियन शब्द शोधल्यामुळे असं होतं. आणि तारखा, काही फॉर्म आधी महिना मग दिवस असं मागतात. ९ जानेवारीचं १ सप्टेंबर व्हायला वेळ लागत नाही. महिना शब्दात दिसत नसेल तर कॅलेंडरमधून निवडा, टाइप करू नका.

आता साइट. केनियाची अधिकृत साइट एकच, ईटीएकेनिया डॉट गो डॉट केई. मूळ फी ३० डॉलर आणि वर पेमेंटचे थोडे पैसे, म्हणजे तुम्हाला खाली दिसलेली तिसाच्या आसपासची असेल तर ती बहुतेक हीच, पण रकमेवरून ठरवू नका, पत्त्यावरून ठरवा. पत्त्याचा शेवट बघायची सवय लावून घ्या. केनिया सरकारचा शेवट गो डॉट केई, श्रीलंकेचा गव्ह डॉट एलके, थायलंडचा गो डॉट टीएच. मधे कितीही वेळा केनिया, ईटीए, ऑफिशियल असे शब्द घातले असले आणि वर झेंडा, सिंह, मुद्रा सगळं असलं, तरी शेवट डॉट कॉम किंवा डॉट ओआरजी असेल तर ती खाजगी. गुगलवर सगळ्यात वर येतात त्या पैसे भरून लावलेल्या जाहिराती असतात, बारीक अक्षरात स्पॉन्सर्ड लिहिलेलं असतं.

इथे मी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते, त्या ९५ डॉलरवाल्या सगळ्याच साइट लुटारू नसतात. काही खरंच तुमचा अर्ज सरकारी साइटवर भरतात आणि ईटीए आणून देतात, फक्त मधले पैसे खातात. पण तुमचा त्यात दुहेरी तोटा आहे. पाच जणांच्या पासपोर्टचे स्कॅन आणि फोटो कुठल्या देशात बसलेल्या कोणाकडे गेले हे तुम्हाला कळत नाही, आणि त्यांनी टाइप करताना चूक केली तर दुरुस्तीला तुम्ही कोणाच्या दारात जाणार? आणि काही तर पैसे घेऊन गायबच होतात. तुम्ही अजून पैसे भरले नाहीयेत हे चांगलं केलंत. हे वाचणाऱ्या कोणी भरले असतील तर लगेच बँकेला फोन करून कार्ड ब्लॉक करा आणि त्या व्यवहारावर तक्रार नोंदवा, फसवणूक असेल तर १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर आहे, उशीर करू नका.

तुमचा एजंट करून देतो म्हणतोय. हे माझंही पोटापाण्याचं काम आहे, तरी सांगते की तुम्ही ऑनलाइन तिकीट काढू शकलात तर हा फॉर्म पण भरू शकता. एजंटकडे द्यायचंच असेल तर दोन अटी घाला, सरकारी फी किती आणि त्याचे कष्टाचे किती हे वेगवेगळं सांगायचं, आणि अर्जात ईमेल तुमचा टाकायचा. ईमेलचं मी मुद्दाम सांगतेय. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे भरून घेणारे खूप आहेत, तो सोयीसाठी स्वतःचा ईमेल टाकतो, मग एखादा कागद पुन्हा मागितल्याचा मेल त्याच्याकडे जाऊन पडतो आणि तुम्हाला पत्ता नसतो. शिवाय सगळ्या घराचे पासपोर्ट त्याच्या डेस्कटॉपवर राहतात. माणूस वाईट असतो असं नाही, पण तो पासपोर्ट तुमच्या आईचा आहे.

बसायच्या आधी हे तयार ठेवा: पाचही पासपोर्टच्या फोटोच्या पानाचे स्कॅन, पाच फोटो, जायचं-यायचं तिकीट, हॉटेल आणि कॅम्पची बुकिंग. केनियात तिकीट आणि राहण्याची माहिती ईटीएच्या अर्जातच लागते, त्यामुळे "आधी ईटीए मग बुकिंग" हे इथे चालत नाही. ज्यांनी अजून काही बुक केलं नसेल त्यांनी रद्द करता येईल असं हॉटेल घेऊन अर्ज करावा. स्कॅन मोबाइलवरून केला तरी चालतो, पण ट्यूबलाइटखाली धरू नका, प्लास्टिकवर चमक येते आणि नेमका नंबर पांढरा होतो. दिवसा खिडकीजवळ ठेवून काढा आणि त्या खालच्या दोन ओळी पूर्ण आल्यात का ते झूम करून बघा. फोटो अलीकडचा, मागे साधा पांढरा किंवा फिका रंग. मुलीचा पासपोर्ट ती तान्ही असताना काढला असेल, त्यातला फोटो उचलून लावू नका, आताचा काढा. भिंतीला पांढरी चादर लावून तिला उभं केलं तरी पुरे. आणि हो, तिलाही वेगळा ईटीए आणि वेगळी फी लागते. बरेच लोक धरून चालतात की लहान मूल आईच्या ईटीएवर जातं. तसं नाही. घरच्यांचा अर्ज एकत्र भरायची सोय असली तरी माहिती प्रत्येकाची वेगळी आणि मंजुरीही प्रत्येकाची वेगळी.

पत्त्याच्या जागी पहिल्या रात्री जिथे झोपणार तिथलं नाव टाका, म्हणजे नैरोबीत उतरून राहणार असाल तर ते हॉटेल, थेट माराला जाणार असाल तर कॅम्प. (एक वेगळं सुचवते, रात्रभर जागून लगेच गाडीने मारा म्हणजे पाच-सहा तासांचा रस्ता, ६८ वर्षांच्या माणसाला एक रात्र नैरोबीत विश्रांती द्या.)

पैसे भरताना कार्ड. आपल्या बँकांच्या कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात, रिझर्व्ह बँकेने २०२० पासून तसा नियम केलाय, तुम्ही स्वतः चालू केल्याशिवाय ते होत नाहीत. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन इंटरनॅशनल ऑनलाइन चालू करा, मर्यादा पाच जणांच्या फीला पुरेल एवढीच ठेवा, आणि काम झालं की परत बंद. परदेशी साइटवर कधी कधी ओटीपी येतच नाही, थेट पैसे कटतात, म्हणून मर्यादेचं म्हणतेय. रकमेवर बँक स्वतःचा मार्कअप लावते, तेव्हा स्टेटमेंटवर थोडे जास्त दिसले तर दचकू नका. आणि पेमेंट अडकलं तर लगेच दुसऱ्यांदा दाबू नका. आधी मेल आणि बँकेचा मेसेज बघा, अर्ध्या तासाने साइटवर अर्जाची स्थिती बघा, नाहीतर दोनदा जातात आणि फी परत मिळत नाही.

भरायचा कधी? ईटीए मंजूर झाल्यापासून ९० दिवसांच्या आत तिथे प्रवेश करायचा असतो, म्हणजे फार आधी काढूनही उपयोग नाही. आणि अगदी शेवटच्या चार दिवसांवर ठेवलं तर मधे शनिवार-रविवार आणि तिथली सुट्टी आली की जीव टांगणीला. मी माझ्या लोकांचा साधारण चार आठवडे आधी भरते. तुमचं १५ जुलैच्या सुमाराला होईल, बाबांचा पासपोर्ट तोवर हातात असेल.

भरायचं कसं तेही सांगते, कारण चुका इथे होतात. एकटे बसू नका. एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने पासपोर्ट हातात धरून नंबर आणि स्पेलिंग एकेक अक्षर मोठ्याने वाचायचं. सबमिट करायच्या आधी जागा बदला, वाचणाऱ्याने स्क्रीन बघायची आणि टाइप करणाऱ्याने पासपोर्ट. माझ्या ऑफिसात त्या २०१६ च्या रात्रीनंतर हा नियमच आहे, आणि रात्री नऊनंतर कोणाचाही फॉर्म सबमिट करायचा नाही हाही. ऑफिसवरून लोकलने लटकत घरी येऊन, जेवून, डोळे मिटत असताना पाच फॉर्म भरू नका, रविवारी सकाळी भरा. मंजुरी आली की पुन्हा एकदा पाचही पासपोर्ट उघडून पीडीएफशी ताडून बघा: नंबर, नाव, जन्मतारीख, पासपोर्ट संपायची तारीख. चूक सापडली तर तेव्हा दुसरा अर्ज करायला वेळ असतो. मेल दिसला नाही तर स्पॅममध्ये बघा.

आता यलो फीवर, जे तुम्ही विचारलंच नाहीये. केनिया भारतातून थेट येणाऱ्याकडे याचं सर्टिफिकेट सक्तीने मागत नाही, कारण भारत त्या रोगाच्या देशांच्या यादीत नाही. म्हणून ईटीए होऊन जातो आणि लोकांना वाटतं सगळं झालं. पण केनिया त्या यादीत आहे, आणि तिथून परत येताना भारत सरकार मागतं. सर्टिफिकेट नसेल तर मुंबईत उतरल्यावर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. लस घेतल्यापासून १० दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. तेव्हा तुमची शेवटची तारीख ४ ऑगस्ट, पण जुलैच्या सुरुवातीलाच उरका. लस सरकारने ठरवलेल्या केंद्रातच घ्यायची, मुंबईत पोर्ट हेल्थ आणि एअरपोर्ट हेल्थ या दोन्ही ऑफिसांकडे मिळते, ठरलेले दिवस असतात, आधी वेळ घेऊन जा, पासपोर्ट सोबत न्या. सर्टिफिकेटवर पासपोर्ट नंबर लिहितात, म्हणून बाबांची लस नवीन पासपोर्ट आल्यावर.

आणि यात आई-बाबांचं नीट ऐका. ही जिवंत विषाणूची लस आहे, साठीच्या पुढच्या माणसांना गंभीर त्रासाची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते. बहुतेकांना काही होत नाही, पण तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, विशेषतः कॅन्सरचे उपचार, स्टेरॉइड, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर. डॉक्टर नको म्हणाले तर काय करायचं हे लस केंद्रावरच विचारून लेखी घ्या, आणि ते कॅम्पचे परत न मिळणारे पैसे भरायच्या आधी करा. हे मी टाळाटाळीने सांगत नाहीये, काही घरांत खरोखर सहल बदलावी लागते.

तुमच्या प्रश्नाखाली एकांनी लिहिलंय की त्यांच्या अमेरिकेतल्या भाच्याने लंडनचा ईटीए दहा मिनिटांत काढला, मग तुम्ही पुढच्या वर्षी आई-बाबांचा तसाच काढा. ते त्यांच्या भाच्याला लागू आहे कारण त्याचा पासपोर्ट अमेरिकेचा आहे. भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा ईटीए मिळत नाही, पूर्ण व्हिसाच लागतो. अमेरिकेचा ईस्टा, कॅनडाचा ईटीए, ऑस्ट्रेलियाचा ईटीए, यातलं काहीही साध्या भारतीय पासपोर्टवाल्यासाठी नाही, युरोपचं एटियास येतंय तेही नाही, आपल्याला शेंगेन व्हिसाच. नकली साइट इथेच पैसे कमावतात, तुम्ही पात्र नसलात तरी फॉर्म भरून घेतात. आणि थायलंड, मलेशियाची डिजिटल अरायव्हल कार्ड हा तिसराच प्रकार, ती फुकट असतात आणि पोचायच्या आधीच्या ३ दिवसांत भरायची असतात. नाव सारखं वाटलं म्हणून नियम सारखा नसतो, पासपोर्ट कुठल्या देशाचा त्यावर सगळं ठरतं.

निघताना प्रत्येकाच्या ईटीएच्या दोन प्रिंट, एक पासपोर्टमध्ये आणि एक दुसऱ्याच्या बॅगेत. मोबाइलवर पण ठेवा, पण फक्त मोबाइलवर नको, चार्जिंग संपतं. यलो फीवरची मूळ पुस्तिका हातातल्या पर्समध्ये, चेक-इनच्या बॅगेत नाही. ईटीए असला तरी शेवटचा निर्णय नैरोबीच्या इमिग्रेशन अधिकाऱ्याचा असतो, तो विचारेल किती दिवस, कुठे राहणार, परतीचं तिकीट, आई-बाबांना कॅम्पचं नाव तरी पाठ करून ठेवा, रांगेत ते तुमच्यापासून वेगळे पडू शकतात. आणि केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरी बॅगवर बंदी आहे, ती कडक आहे, तेव्हा आईने चिवडा, चकल्या पिशव्यांत बांधल्या असतील तर डब्यांत भरायला सांगा. ड्युटी फ्रीची पिशवी पण उतरायच्या आधी रिकामी करा.

बाबांच्या अपॉइंटमेंटची तारीख मिळाली की इथेच लिहा, आणि मधल्या काळात पत्ता बदललाय का तेही, म्हणजे साधा करायचा की तत्काळ ते मी नक्की सांगू शकेन.